टीपीतलं घड्याळ : एका छायाचित्राचं प्रकरण

प्रकरण कशाचं आहे

टीपीच्या, म्हणजे लाकडी वाशांवर आवरण घालून उभारलेल्या निमुळत्या तंबूच्या आत, मागच्या बाजूला, दाराकडे तोंड करून दोन माणसं बसली आहेत. बाप आणि मुलगा. बापाचं नाव लिटल प्लूम, मुलाचं यलो किडनी. पुढ्यात तंबाखू कापायची फळी आणि चिलीम. टीपीच्या वाशांना टांगलेली ढाल, गरुडाच्या पंखाचा पंखा, घोड्याच्या साजातल्या हरणाच्या कातड्याच्या वस्तू आणि एक लांबट गाठोडं. आणि दोघांच्या मधोमध, जमिनीवर, एक घड्याळ. गोल तबकडीचं, साधं, त्या काळी कुठल्याही दुकानात मिळावं असं.

हे छायाचित्र एडवर्ड कर्टिस या अमेरिकन छायाचित्रकाराने घेतलं. १९१० साली त्याच्या स्वामित्वहक्काची नोंद झाली. १९११ साली अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरच्या त्याच्या वीस खंडी ग्रंथाच्या सहाव्या खंडासोबत ते छापून आलं, तेव्हा माणसं होती, चिलीम होती, ढाल होती, गाठोडंही होतं. घड्याळ तेवढं नव्हतं. ते पुसून टाकलं होतं.

जुने फोटो जपणाऱ्या, मांडणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्यांसाठी मी हे एकच प्रकरण सविस्तर मांडतो आहे. फोटोखाली पूर्वीच छापली गेलेली नावं तशीच ठेवली आहेत. आजच्या कुटुंबांपर्यंत कुणाला पोचवील असा तपशील मात्र मुद्दाम दिलेला नाही.

पार्श्वभूमी : फोटोतली माणसं

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना मराठीत आपण सरसकट 'रेड इंडियन' म्हणत आलो. त्या एका शब्दात शेकडो वेगवेगळे समाज, भाषा आणि देवधर्म कोंबले गेले. इथे ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते पिकानी लोक. कर्टिसच्या लिखाणात त्यांचं नाव 'पिगन' असं येतं. सिक्सिका, कैनाई आणि पिकानी मिळून ब्लॅकफूट लोकांचा मोठा संघ होतो. सीमारेषा आखली गेली तेव्हा त्यातले बरेचसे कॅनडाच्या अल्बर्टात राहिले. दक्षिणेकडचे पिकानी अमेरिकेच्या माँटाना राज्यात आले. सरकारी कागदांत त्यांचं नाव 'ब्लॅकफीट' पडलं आणि आजही त्यांच्या राष्ट्राचं अधिकृत नाव तेच आहे. रॉकी पर्वताच्या पूर्व उतारालगतचं ब्राउनिंग हे त्यांचं मुख्य गाव.

फोटोतल्या शांत टीपीमागे जे घडून गेलं होतं ते आधी सांगायला हवं. १८७० च्या जानेवारीत मारायस नदीकाठी झोपेत असलेल्या एका वस्तीवर अमेरिकन घोडदळाने हल्ला केला. दीडशेहून जास्त माणसं मारली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती आणि वस्ती देवीने आजारी होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, ज्यांच्यावर त्यांचं पोट होतं ते गवे (बायसन) संपले. १८८३-८४ चा हिवाळा तिथे 'उपासमारीचा हिवाळा' म्हणून ओळखला जातो. त्यात सुमारे सहाशे माणसं भुकेने गेली. १८९५ च्या करारात पश्चिमेकडची डोंगरपट्टी पंधरा लाख डॉलरला सरकारकडे गेली. १९१० च्या मे महिन्यात त्याच डोंगरांत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झालं. ज्या वर्षी या फोटोची नोंद झाली, त्याच वर्षी फोटोतल्या माणसांचे डोंगर पर्यटकांसाठी खुले झाले.

आता विधींविषयी, कारण पुढचा सगळा गुंता तिथेच आहे. पिकानींच्या वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा ओकान. इंग्रजीत त्याला सूर्यनृत्य म्हणतात, पण त्या नावाने त्याचं मूळ झाकलं जातं. ओकानच्या केंद्रस्थानी एक स्त्री असते. घरातलं कुणी आजारी असलं, संकटात असलं, तर ती नवस बोलते. माणूस वाचला की नवस फेडायला तीच ओकान उभा करते. ती उपास धरते. पवित्र शिरोभूषणाचं गाठोडं तिच्याकडे रीतसर सोपवलं जातं. तिच्या शीलाची ग्वाही सगळ्यांसमोर दिली जाते. नवस म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्याला ओकान समजायला वेळ लागत नाही.

या धर्मजीवनात गाठोड्यांना मोठं स्थान आहे. त्यांना इंग्रजीत 'मेडिसिन बंडल' म्हणतात, पण औषधाशी त्यांचा थेट संबंध नाही. इथे मेडिसिन म्हणजे दैवी सामर्थ्य. चिलमीचं गाठोडं वसंतात पहिला मेघगर्जनेचा आवाज झाला की उघडतात. ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं ते गाण्यांसह, नियमांसह, घोड्यांच्या रूपात मोठा मोबदला देऊन. ज्याच्या घरी ते असतं त्याच्या वागण्यावर बंधनं येतात. गाभाऱ्यात फोटो काढू नये ही पाटी आपल्याला नवी नाही. तिथला गाभारा माणसाबरोबर घरोघर फिरतो, इतकंच.

सरकारने १८८३ साली नियम काढून असे सोहळे गुन्हा ठरवले होते. पहिल्या वेळी दहा दिवसांपर्यंत सरकारी शिधा बंद. पुन्हा केलं तर त्याहून जास्त दिवस शिधा बंद, नाही तर कैद. गवे संपल्यावर शिधा हेच पोट होतं, म्हणजे ही शिक्षा किती कठोर होती ते लक्षात येईल. तरीही ओकान थांबला नाही. पुढे तो ४ जुलैच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आडोशाने भरू लागला.

पार्श्वभूमी : छायाचित्रकार

कर्टिस सिअ‍ॅटलमधला यशस्वी स्टुडिओवाला. १८९८ साली माउंट रेनियरवर त्याची गाठ जॉर्ज बर्ड ग्रिनेलशी पडली. ग्रिनेल पिकानींमध्ये अनेक वर्षं जात-येत असे आणि त्यांच्याविषयी लिहीत असे. १८९५ च्या त्या करारासाठी सरकारने पाठवलेल्या तिघांपैकी तोही एक होता. १९०० च्या उन्हाळ्यात तो कर्टिसला माँटानात ओकानला घेऊन गेला. गवताळ माळावर गोल मांडलेल्या टीपी पाहून कर्टिसने आयुष्याचं काम ठरवलं, असं त्याच्या चरित्रात नेहमी सांगितलं जातं.

त्याच माणसांत त्याच्या आधीपासून आणखी एक छायाचित्रकार वावरत होता, वॉल्टर मॅक्लिंटॉक. १८९६ साली तो सरकारी वन आयोगाबरोबर आला. वाटाड्या विल्यम जॅक्सनने त्याला आपल्या लोकांत नेलं आणि मॅड वुल्फ या वडीलधाऱ्याने त्याला मुलगा मानलं. पुढच्या वर्षांत त्याने हजारांवर फोटो काढले. ते आज येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. त्या साठ्यात टीपींच्या शेजारी घोडागाड्या उभ्या दिसतात. तोही 'लोप पावणाऱ्या' जगाच्या ओढीनेच गेला होता, हे खरं. पण गाड्या त्याच्या चौकटीत राहिल्या. नव्या वस्तू दिसू देणं त्या काळात अशक्य नव्हतं, एवढ्यासाठी ही नोंद महत्त्वाची.

कर्टिसच्या कामाचा आकार मात्र वेगळाच होता. १९०६ साली जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराने पाच वर्षांसाठी वर्षाला पंधरा हजार डॉलर द्यायचं कबूल केलं. त्या बदल्यात त्याला ग्रंथाचे २५ संच आणि ५०० मूळ प्रिंट मिळायचे होते. हे पैसे फिरतीच्या खर्चासाठी होते. छपाईचा खर्च वर्गणीदारांकडून यायचा होता आणि एका संचाची किंमत तीन हजार डॉलरच्या घरात होती. प्रास्ताविक लिहिलं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने. असा संच घेणार कोण? मोठी ग्रंथालयं आणि श्रीमंत घरं. त्यांना काय पाहायचं होतं, तेही ठरलेलं होतं : जाणारं, मावळणारं, गोऱ्या माणसाचा हात न लागलेलं जग.

अडचण

अशा ग्रंथात घड्याळ बसत नव्हतं.

ते घड्याळ टीपीत असणं यात नवल काहीच नव्हतं. १९१० च्या सुमाराला पिकानी माणूस सरकारी कचेरीच्या वेळा, शिधावाटपाचे दिवस, मुलांच्या निवासी शाळा आणि ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची गाडी यांच्यात जगत होता. टीपीवरचं आवरण गव्याच्या कातड्याऐवजी जाड कापडाचं झालं होतं. कोणी लाकडाच्या ओंडक्यांच्या घरात राहत आणि उन्हाळ्यात, सोहळ्याला, टीपी उभारत. घड्याळ त्याच घरातलं. घरात पाहुणा आला तेव्हा ते जिथे होतं तिथे राहिलं, किंवा घरातली एक चांगली वस्तू म्हणून पुढे ठेवलं गेलं. दोन्ही गोष्टी मला तितक्याच स्वाभाविक वाटतात.

सरकारला या माणसांची टीपी नको होती, छायाचित्रकाराला त्यांचं घड्याळ नको होतं. एकाने जुने सोहळे सोडा म्हणून शिधा अडवला, दुसऱ्याने घड्याळ पुसून टीपी तेवढी ठेवली. या दोघांच्या मध्ये सापडलेले बाप आणि मुलगा टीपीही वापरत होते आणि घड्याळही, आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटत नव्हती. प्रकरणाची खरी अडचण घड्याळाची नव्हतीच. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात हे मान्य करायला कुणी तयार नव्हतं, अडचण ती होती.

समोरच्या वाटा

टीपीत आणि नंतर स्टुडिओत मिळून निदान पाच वाटा खुल्या होत्या.

पहिली, शटर दाबण्यापूर्वी घड्याळ बाजूला ठेवायला सांगणं. कर्टिस माणसांना बसवून, कपडे ठरवून फोटो काढत असे, त्यामुळे ही वाट त्याच्या सवयीचीच होती. तिच्यात निदान घरमालकाला कळलं असतं की पाहुण्याला काय नको आहे, आणि तो नाही म्हणू शकला असता.

दुसरी, चौकट बदलणं. पण घड्याळ दोघांच्या बरोबर मध्ये होतं. माणसं न तोडता ते कापता येत नव्हतं.

तिसरी, हा फोटो ग्रंथात न घेणं. तोवर कर्टिसकडे पिकानींचे फोटो कमी नव्हते. १९०० सालचे, माळावरचे, घोड्यांवरचे, पाण्याकाठचे. पण टीपीच्या आतला इतका भरलेला फोटो सोडवत नाही, हे कोणताही छायाचित्रकार समजेल.

चौथी, घड्याळ जसं आहे तसं ठेवून खालच्या मजकुरात त्याविषयी एक ओळ लिहिणं.

पाचवी, घड्याळ पुसून टाकणं.

स्टुडिओच्या धंद्यात पाचवी वाट सगळ्यात सोपी होती आणि कुणाला ती वाईटही वाटत नव्हती. चेहऱ्यावरचे व्रण, मागचा पडदा, विस्कटलेले केस, सगळं रिटचिंगने नीट होत असे. काचेच्या निगेटिव्हवर गडद रंग लावला की प्रिंटमध्ये ती जागा उजळते, वरचा मसाला खरवडला की काळी पडते. छायाचित्र चित्रासारखं दिसावं, हा त्या वेळी कलेचा मान्य आग्रह होता. वधूवरांच्या फोटोत पुसलेला तीळ आणि या फोटोत पुसलेलं घड्याळ, स्टुडिओतल्या माणसाच्या हाताला दोन्ही सारखीच. फरक एवढाच की हा फोटो वधूवरांना द्यायचा नव्हता. तो एका समाजाची नोंद म्हणून ग्रंथालयांत जायचा होता.

काय केलं गेलं

फिरतीवरून निगेटिव्ह सिअ‍ॅटलला येत. तिथला डार्करूमचा कारभार अ‍ॅडॉल्फ मूर पाहत असे. १८९८ साली ओमाहाच्या प्रदर्शनात जमलेल्या आदिवासी प्रतिनिधींचे फोटो काढणाऱ्यांत तो होता, म्हणजे या विषयाला तो नवखा नव्हता. छपाई बॉस्टनच्या जॉन अँड्र्यू अँड सन यांच्याकडे तांब्याच्या पट्ट्यांवरून, फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने होत असे. या प्रवासात घड्याळ गेलं. छापील पानावर त्या जागी सावलीसारखा भाग उरला. तो कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण नजर चेहऱ्यांवरून चिलमीकडे आणि तिथून वर गाठोड्याकडे जाते.

फोटोखालचा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कर्टिस त्यात वस्तूमागून वस्तू सांगतो. दोघं बसले आहेत ती दारासमोरची मागची जागा मानाची, हे सांगतो. चिलीम, फळी, ढाल, लांबट गाठोडं, पंखा, घोड्याचा साज. वरून लोंबणारा दोरसुद्धा तो सोडत नाही : वादळात त्याचं खालचं टोक टीपीच्या मध्यावर खुंटीला बांधतात म्हणजे टीपी उडत नाही. इतकं बारीक पाहणारा माणूस! त्याच मजकुरात घड्याळ नाही. ज्या नजरेने दोर टिपला तिनेच घड्याळ गाळलं, म्हणून हे दुर्लक्ष नव्हे, निवड होती.

कर्टिसला खोटारडा ठरवणं मला पटत नाही. त्याने माणसांची नावं छापली, आणि त्या काळात हे थोडं नव्हतं. असंख्य फोटोंखाली नुसतं 'एक इंडियन' लिहिलं जाई. त्याने या कामात तीस वर्षं घातली, घर मोडलं, धंदा हातचा गेला. १९३० साली शेवटचा खंड निघाला तेव्हा जग मंदीत होतं आणि ग्रंथाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. १९३५ साली तांब्याच्या पट्ट्या आणि उरलेला सगळा साठा बॉस्टनच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे हजार डॉलरला गेला. त्याचं प्रेम खरं होतं. पण त्याचं प्रेम होतं ते त्याने मनाशी धरलेल्या पिकानींवर. समोर बसलेले दोघं त्या कल्पनेत पुरते मावत नव्हते, आणि जे मावलं नाही ते खरवडलं गेलं.

पुढे काय झालं

घड्याळ वाचलं ते कायद्यामुळे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला कर्टिसचा साठा मुख्यतः स्वामित्वहक्काच्या नोंदणीसाठी जमा झालेल्या प्रिंटांचा. दोन हजार चारशेहून जास्त प्रिंट, आणि त्यांतले बरेचसे ग्रंथात कधी आलेच नाहीत. घड्याळ असलेलं रूप तिथे टिकलं. १९८२ साली ख्रिस्तोफर लायमन या अभ्यासकाने कर्टिसच्या रिटचिंगची सविस्तर छाननी केली आणि हा फोटो अशा चर्चेतलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण झाला. आता दोन्ही रूपं शेजारी ठेवून पाहता येतात.

पण पुसलेलं रूप जगभर पसरलं ते पसरलंच. १९७० च्या दशकात तांब्याच्या पट्ट्या पुन्हा सापडल्या, नव्या प्रती निघाल्या, पोस्टर झाली. हक्काची मुदत कधीच संपली आहे, कोणीही काहीही छापू शकतं. घड्याळ असलेलं रूप अभ्यासकांपुरतं राहिलं, घड्याळ नसलेलं भिंतींवर गेलं.

इथे शेजारचा एक फोटो आठवतो. फेब्रुवारी १९१६, वॉशिंग्टन. पिकानी नेता माउंटन चीफ पिसांच्या शिरोभूषणासह बसला आहे. समोर फोनोग्राफचा मोठा कर्णा, पलीकडे संगीताच्या अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर. हाही फोटो नीट मांडून काढलेला, हाही तितकाच गाजला. त्यातलं यंत्र मात्र कुणी पुसलं नाही. उलट यंत्र आहे म्हणूनच तो फोटो काढला. सहा वर्षांच्या अंतराने, त्याच लोकांच्या दोन फोटोंत, अभ्यासकाचं यंत्र राहिलं आणि घरमालकाचं यंत्र गेलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच बोचतं. नव्या काळाची वस्तू चालत होती, ती पिकानी माणसाच्या मालकीची असलेली मात्र चालत नव्हती.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

चर्चा बहुतेक वेळा घड्याळापाशी थांबते. मला ती गाठोड्यापर्यंत न्यायची आहे.

फोटोतलं लांबट गाठोडं गुंडाळलेलं आहे, उघडलेलं नाही, आणि हा भेद मोठा आहे. दिवसा अशी गाठोडी टीपीबाहेर तिवईवर टांगत, रात्री आत घेत. गुंडाळलेलं गाठोडं वस्तीतल्या सगळ्यांच्या नजरेसमोरच असे. उघडण्याला मात्र ऋतू, गाणी, अधिकार लागतो. तेव्हा त्याचं फोटोत दिसणं हाच अपराध झाला असं मी म्हणणार नाही. पण छापताना कोणता विचार झाला ते पाहा. घड्याळ ठेवावं का, यावर हात चालला. गाठोडं दाखवावं का, ते चिलमीचं असेल तर त्याचे नियम काय, उद्या ते दुसऱ्याच्या घरी गेलं तर या चित्राचं काय, यावर हात अडला नाही. उलट ते मजकुरात ठळकपणे आलं. जे दाखवायला कुणाची हरकत नव्हती ते लपवलं आणि जे दाखवण्यापूर्वी विचारायला हवं होतं ते विनाविचार मांडलं. संपादनाची सगळी शक्ती चुकीच्या वस्तूवर खर्च झाली.

यातला पहिला क्षण टीपीतला. छायाचित्रकार घरात बसलेला असतो, घरमालक समोर असतो, काहीही विचारता येतं. तिथे न विचारलेला प्रश्न पुढे कधीच तितक्या सोपेपणाने विचारता येत नाही. हे घड्याळ कुठून आणलं, केव्हा घेतलं, ते कोण लावतं, एवढं जरी विचारलं असतं तरी सहाव्या खंडाला असं एक पान मिळालं असतं जे आज त्यातल्या कुठल्याही पानापेक्षा जास्त मोलाचं ठरलं असतं. पिकानींच्या घरात कचेरीची वेळ आणि पहिल्या मेघगर्जनेची वेळ शेजारी शेजारी कशा राहत होत्या, हे त्या दोघांखेरीज कोण सांगू शकलं असतं?

दुसरा क्षण निगेटिव्ह हातात असतानाचा. त्या टेबलाजवळ पिकानी माणूस नव्हता. माँटाना आणि सिअ‍ॅटल यांच्यात शेकडो मैलांचं अंतर होतं आणि मंजुरीसाठी प्रिंट परत पाठवायची पद्धतच नव्हती. पैसे, पुरवठा आणि वेळापत्रक यांचं ओझं असलेल्या प्रकल्पात ती सुचणंही कठीण होतं. तरी अशक्य नव्हतं. टपाल जात होतं, रेल्वे ब्राउनिंगला थांबत होती, आणि मॅक्लिंटॉकसारखे लोक वर्षानुवर्षं त्याच घरांत परतत होते. परतावं लागणार हे माहीत असलेला माणूस वेगळा फोटो छापतो.

तिसरा क्षण मजकुराचा. माझ्या मते कर्टिसची खरी संधी हीच होती. रिटच केलंच, तर तसं लिहायचं. 'मूळ चित्रात दोघांच्या मध्ये एक घड्याळ होतं' एवढे शब्द पुरले असते. वर्गणीदारांनी पुस्तक परत केलं नसतं.

चौथा क्षण आपला आहे. हे फोटो सांभाळणाऱ्या संस्थांचा, ते पुन्हा छापणाऱ्यांचा आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांचा. अमेरिकेने १९९० साली कायदा केला आणि पवित्र वस्तू व अस्थी त्या त्या समाजाला परत करण्याची वाट उघडली. अल्बर्टात २००० साली वेगळा कायदा झाला आणि कॅल्गरीच्या ग्लेनबो संग्रहालयाने अडीचशेच्या वर पवित्र वस्तू ब्लॅकफूट लोकांना परत केल्या. गाठोडी घरी गेली, त्यांतली काही पुन्हा उघडू लागली. फोटो मात्र या कायद्यांत येत नाहीत. गाठोडं परत जातं, त्याचं चित्र राहतं. ते चित्र कुणी पाहावं, कुठे लावावं, यावर कायद्याचा लगाम नाही. तिथे रीत पाळायची ती आपण होऊन.

ती कशी पाळावी याचं एक चांगलं उदाहरण त्याच संघातल्या कैनाई लोकांकडून मिळतं. १९२५ साली ऑक्सफर्डच्या बिअ‍ॅट्रिस ब्लॅकवुडने अल्बर्टात त्यांचे फोटो काढले होते. त्यांतले ३३ पिट रिव्हर्स संग्रहालयात होते. वंशाच्या अभ्यासासाठी समोरून आणि बाजूने घेतलेले चेहरे, आणि बहुतेकांखाली नाव नाही. २००१ पासून संग्रहालयाच्या अभ्यासकांनी प्रती घेऊन कैनाईंकडे फेऱ्या सुरू केल्या. आधी लेखी करार झाला : फोटोंचं काय करायचं, मुलाखतींचं काय, माहिती कुणाची. मग वडीलधाऱ्यांनी प्रती हातात घेतल्या आणि नावं सांगितली. ही माझी आजी. हा अमक्याचा काका. हिच्या अंगावरचा झगा शाळेतला. प्रती तिथेच ठेवल्या गेल्या. ज्या फोटोंत संग्रहालयाला नमुने दिसत होते त्यांत कैनाईंना नातेवाईक दिसले. कपडे नवे की जुने, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

लिटल प्लूम आणि यलो किडनी यांच्या फोटोसाठी मी हीच पद्धत सुचवीन. ब्राउनिंगच्या वडीलधाऱ्यांपुढे दोन्ही रूपं ठेवायची आणि आधी गाठोड्याविषयी विचारायचं : हे दिसू द्यावं का, कुणाला, कोणत्या ऋतूत. उत्तर 'नको' आलं तर पुढच्या प्रतीतून काय झाकायचं ते त्यांनी ठरवावं, स्टुडिओने नव्हे. घड्याळाविषयी नंतर विचारलं तरी चालेल. माझी खात्री आहे की तिथे कुणालातरी आपल्या आजोबांचं घड्याळ आठवेल आणि त्याची गोष्ट पंधरा मिनिटं चालेल.

तोवर फोटोखालची ओळ मी अशी लिहीन :

'लिटल प्लूम आणि त्याचा मुलगा यलो किडनी, आपल्या टीपीत मानाच्या जागी बसलेले. पिकानी, माँटाना. नोंद १९१०. पुढ्यात चिलीम आणि तंबाखूची फळी, दोघांच्या मध्ये त्यांचं घड्याळ. १९११ च्या छापील प्रतीत घड्याळ पुसलेलं आहे. वर टांगलेल्या गाठोड्याविषयी त्या घराला विचारल्याशिवाय इथे काही लिहिलेलं नाही.'